टँकर आला, पुढे काय?

कॉलेजच्या मॅगेझिनमध्ये पाण्यावर लेख म्हटला की पहिल्या वाक्यात 'पाणी म्हणजे जीवन' आणि शेवटच्या वाक्यात तिसरं महायुद्ध, हे ठरलेलं असतं. मधल्या जागेत दोन सुविचार. संपादक मंडळाने मलाही विषय दिला तो 'दुष्काळ आणि आपण' असाच. त्यातला 'दुष्काळ' मी तूर्त बाजूला ठेवते. पाऊस का पडत नाही, ऊस किती पाणी पितो, धरणं कुणी कुठे बांधली, यावर भांडायला आपल्या स्टाफरूममध्ये माझ्यापेक्षा हुशार माणसं बसलेली आहेत. मला बोलायचंय ते 'आपण' या शब्दावर. म्हणजे नळ बंद झाला, टँकर दारात आला, आणि त्यानंतर त्या पाण्याचं नेमकं काय होतं, कुणाच्या घरात किती जातं, यावर.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पान उलटता येईल. टंचाईत पाणी आणणं सोपं असतं, वाटणं अवघड असतं. आणि आपण इंजिनियर लोक फक्त आणण्यालाच इंजिनियरिंग म्हणतो.

लातूरची रेल्वे सगळ्यांना आठवते. २०१६ चा एप्रिल. मांजरा धरण कोरडं पडलेलं, शहराचे नळ बंद. १२ एप्रिलला मिरजेहून आलेली पाण्याची पहिली गाडी लातूर स्टेशनात शिरली. १० वॅगन, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर. वॅगन राजस्थानातल्या कोट्याहून आतून वाफेने धुऊन आणलेल्या, पाणी कृष्णेचं, अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पुढे ५० वॅगनची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. 'जलदूत' असं झकास नावही मिळालं. ज्यांनी हे जमवलं त्यांना माझा सलाम आहे. इतक्या कमी दिवसांत पाइपलाइन टाकणं, वॅगन भरणं, रिकाम्या करणं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. १९८६ मध्ये राजकोटला आणि २०१९ च्या जुलैत चेन्नईलाही अशीच रेल्वेने पाणी नेण्याची वेळ आली होती. चेन्नईला जोलारपेट्टईहून गेलेली गाडीही ५० वॅगनची, २५ लाख लिटरचीच.

आता कॅल्क्युलेटर काढा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या पुढे होती. पहिल्या गाडीचं पाणी माणशी भागलं तर येतं सव्वा लिटर. ५० वॅगनच्या गाडीचं साडेसहा लिटर. आपल्या होस्टेलच्या बादलीचा तिसरा हिस्सा! आणि हा आकडासुद्धा फसवा आहे, कारण सरासरी कुणाच्या घरी जात नसते.

मी तेव्हा लातुरातच होते, पाचवीत. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'सेव्ह वॉटर' नावाची पोस्टर कॉम्पिटिशन झाली आणि निळ्या थेंबाला डोळे काढून मी दुसरा नंबर मिळवला. घरी मात्र आजी होती, तिला पोस्टरची गरज नव्हती. गल्लीत टँकर यायचा तो आठवड्याने, कधी त्याहून उशिरा, आणि घरटी २०० लिटर. आमच्याकडे दोन निळे ड्रम होते, एक रांजण होता, तीन घागरी होत्या, आणि मुख्य म्हणजे टँकरच्या वेळी घरात असणारी आजी होती. समोर एक जोडपं भाड्याने राहायचं. दोघंही कामाला जाणारी. टँकर दुपारी आला की त्यांचे २०० लिटर कागदावर त्यांचे, प्रत्यक्षात दुसऱ्याच कुणाच्या तरी ड्रममध्ये. मग आजीने त्यांची दोन पिंपं आपल्या ओट्यावर आणून ठेवली आणि आपल्या नंबराबरोबर त्यांचाही नंबर लावायला लागली. सुरुवातीला गल्लीत कुरबुर झाली. "तुमच्या काय नात्यातली आहेत का?" वगैरे. आजी म्हणायची, "पाण्याला नातं लागत नाही बाई, नंबर लागतो."

२०० लिटर, आठ दिवस, पाच माणसं. माणशी दिवसाला ५ लिटर. जगभर आपत्तीत काम करणाऱ्या संस्था 'स्फिअर' नावाचं एक हँडबुक वापरतात. त्यात पिणं, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता मिळून माणशी किमान १५ लिटर धरले आहेत. अगदी जीव तगवायचा तरी साडेसात. आपल्याकडे खेड्यात टंचाईचा टँकर लावतात तो माणशी २० लिटरच्या हिशेबाने. म्हणजे कागदावर आपण जगाच्या पुढेच आहोत! पण त्याच हँडबुकात आणखी तीन आकडे आहेत आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात. एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत. घरापासून पाणी ५०० मीटरच्या आत हवं. रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जायला नको. शिवाय प्रत्येक घरात दोन भांडी तरी हवीत, १० ते २० लिटरची, एक आणायला आणि एक साठवायला. कुणीतरी बसून हा विचार केला आहे की टँकरचा व्हॉल्व्ह उघडल्यावर पुढे माणसाचा हात, डोकं, कंबर आणि भांडं लागतं.

आपल्याकडे काय होतं ते पेपरातल्या फोटोत दर उन्हाळ्यात दिसतं. टँकर येतो आणि गावच्या विहिरीत ओततो. का, तर साठवायला दुसरी जागा नसते. मग चारी बाजूंनी पोहरे सुटतात. ज्याचा दोर लांब आणि दंड मजबूत त्याचा हंडा आधी भरतो. म्हातारी माणसं, गरोदर बायका, ज्या घरात एकच बाई आहे ती घरं, मागे. ढवळलेलं पाणी गढूळ होतं, काही कपारीतून झिरपून जातं ते वेगळंच. हाच टँकर ५ हजार लिटरच्या दोन प्लॅस्टिकच्या टाक्यांत रिकामा केला आणि खाली आठ तोट्या बसवल्या, तर भांडण निम्म्याने कमी होईल. हे रॉकेट सायन्स नाही, आपल्या सेकंड इयरच्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बसेल एवढंच आहे. पण त्याचा फोटो चांगला येत नाही ना!

लातुरात त्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. कलम १४४, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. पाचवीतल्या मुलीला त्याचा अर्थ कळत नव्हता. आता कळतो. रांग कशी लागेल याचा विचार आधी झाला नाही की तो शेवटी पोलिसांना करावा लागतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मात्र समजू नका. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनला 'डे झीरो' येऊन ठेपला होता. १ फेब्रुवारीपासून तिथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली. त्यातूनही धरणं आटलीच, तर नळ बंद करून शहरात सुमारे २०० ठिकाणी माणशी २५ लिटर पाणी वाटायचं, असा प्लॅन होता. शहराची लोकसंख्या ४० लाखांच्या आसपास. भागाकार केला तर एका ठिकाणी २० हजार माणसं आणि रोज ५ लाख लिटर. म्हणजे लातूरला आलेली पहिली आख्खी गाडी प्रत्येक नाक्यावर, दररोज! वरच्या हिशेबाने प्रत्येक नाक्यावर ८० तोट्या हव्यात. आणि ज्याला गाडी नाही त्याने घरातल्या चौघांचे १०० लिटर घरी न्यायचे कसे? तो दिवस अखेर आला नाही. लोकांनी वापर खूप कमी केला, शेतीचं पाणी तोडलं गेलं, मग तिथला पावसाळा बरा गेला. मला तर वाटतं, तो नाक्यावरच्या रांगेचा प्लॅन वाचूनच अर्ध्या लोकांनी शॉवर बंद केला असेल.

साठवणुकीबद्दल दोन शब्द, कारण इथे लोक आजारी पडतात. २०० लिटरचा निळा ड्रम बाजारात जुना मिळतो. आधी त्यात काय होतं ते विचारून घ्या. केमिकलचा असेल तर तो कितीही घासला तरी पिण्याच्या पाण्याला नको. ड्रमला झाकण हवं आणि झाकण नसेल तर कापड घट्ट बांधायला हवं, कारण डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. दुष्काळात डेंग्यू कसा, असं मेसच्या टेबलावर एकाने विचारलं होतं. तर असा! आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून घासायचा, हा 'कोरडा दिवस' टंचाईत जीवावर येतो, पण तो पाळावा लागतो. पिण्याच्या पाण्यात हात बुडवायचा नाही. आजीकडे लांब दांड्याचं ओगराळं होतं. आमच्या होस्टेलच्या प्रत्येक फ्लोअरवर पिंप आहे आणि त्यात साखळीने बांधलेला स्टीलचा ग्लास आहे, तो बोटांसकट आत जातो. या ग्लासवर वेगळा लेख लिहिता येईल. असो.

टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर घालतात, तिचा अंदाज साधारण १ हजार लिटरला ५ ग्रॅम. म्हणजे १० हजारांच्या टँकरला ५० ग्रॅम, तेही पावडर ताजी असेल आणि पाणी स्वच्छ असेल तर. पोतं उघडं पडून राहिलं की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि मग आपण निष्ठेने चुना घालत बसतो. घातल्यावर अर्धा तास थांबायचं. आणि पाणी घेताना त्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेला हवा. तो तपासायचं छोटं किट येतं, नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. केमिस्ट्रीचे फर्स्ट इयरचे प्रॅक्टिकल ज्यांना कंटाळवाणं वाटतं त्यांनी हे एकदा स्वतःच्या पिण्याच्या पाण्यावर करून बघावं, कंटाळा पळून जाईल.

आता आपल्या दारात येते. गेल्या उन्हाळ्यात आपल्या बोअरने एप्रिलमध्ये मान टाकली. गर्ल्स होस्टेलला रोज १२ हजार लिटरचा एक टँकर सुरू झाला. आम्ही २४०. माणशी ५० लिटर, म्हणजे केप टाऊनएवढं. वाईट नाही. पण पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी टाकी खडखडाट. रेक्टर मॅडम म्हणाल्या मुली कपडे फार धुतात, मुली म्हणाल्या मेसवाले पाणी सांडतात. खरा चोर वेगळाच होता. आपला फ्लश १० लिटरचा आहे. २४० मुली, दिवसातून चार वेळा : ९ हजार ६०० लिटर. टँकरचे पाच भाग केले तर चार भाग सरळ गटारात! मग वरच्या टाक्यांचे कॉक बंद केले आणि आंघोळीचं-धुण्याचं पाणी बादलीत धरून तेच संडासात ओतायला सुरुवात केली. एका झटक्यात ओतलं तर तीन-चार लिटरमध्ये काम होतं. काही मुलींनी नाकं मुरडली. दोन दिवसांत सरळ झाल्या. इथपर्यंत सगळं छान.

त्याच आठवड्यात गेटवर नोटीस लागली : 'बाहेरील व्यक्तींनी व मेस कर्मचाऱ्यांनी होस्टेलचे पाणी घरी नेऊ नये.' माझा खरा मुद्दा या नोटिशीशी आहे.

मेसमध्ये नऊ मावश्या काम करतात. कंपाउंडच्या मागच्या वस्तीत राहतात. तिथला हातपंप मार्चमध्येच बंद पडला होता. काम संपलं की प्रत्येक मावशी दोन कळशा भरून न्यायची. बारा लिटरची कळशी धरा : नऊ गुणिले दोन गुणिले बारा, २१६ लिटर. आम्हा २४० जणींत भागलं तर एकीचं एक लिटरसुद्धा होत नाही. बाविसेक फ्लशचं पाणी. ज्या दिवशी नोटीस लागली त्या दिवशी आपण फ्लशमध्ये याच्या चाळीसपट पाणी घालवत होतो आणि त्यावर नोटीस नव्हती.

नोटीस लावणारे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचा मुद्दा मी ऐकलाय. आज नऊ जणी नेतात, उद्या त्यांच्या शेजारणी येतील, परवा आख्खी वस्ती, मग मुलींच्या पालकांना उत्तर कोण देणार? टँकरचे पैसे फीमधून जातात. हा मुद्दा खोटा नाही. माझ्याच वर्गातल्या एकीने मला तोंडावर विचारलं, "तुझी आंघोळ सोडशील का त्यांच्यासाठी?" मी म्हटलं, आंघोळ नाही, एक लिटर सोडीन. तेवढंच लागतंय.

पण मला त्याहून मोठी गोष्ट म्हणायची आहे. टँकरचं पाणी फीचं, मान्य. बोअरचं पाणी कुणाचं? आपण बसलोय बेसॉल्टवर. या दगडात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. तळघरात भरलेली टाकी नसते ती, की जितकं खोल जाल तितकं जास्त. कंपाउंडची भिंत जमिनीवर आहे, जमिनीखाली नाही. आपले बोअर खोल, पंप मोठे. वस्तीचा हातपंप उथळ. जलधर एकच असेल तर आपण चार महिने उपसल्यावर आधी कुणाचं तोंड कोरडं पडणार, हे सांगायला हायड्रोलॉजीचा प्रोफेसर लागत नाही. कायद्यालाही हे बऱ्याच आधी कळलंय. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली ती याच कारणाने. तेव्हा मावशीची कळशी ही आपली मेहेरबानी आहे, हे आधी डोक्यातून काढा. ती उधारीची परतफेड असण्याची शक्यता जास्त आहे.

आणि एक. ज्या बाईने सकाळी दोन तास पाण्यासाठी घालवले ती मेसला उशिरा येते, तिचा पगार कापला जातो, आपला नाश्ता उशिरा होतो आणि आपण ओरडतो. टंचाईची किंमत ही अशी पायरीपायरीने खाली उतरत जाते आणि शेवटच्या पायरीवर बहुतेक वेळा बाईच असते. १९७२ च्या दुष्काळाबद्दल आजी सांगायची की तेव्हा धान्य नव्हतं, पण विहिरीला प्यायला पाणी होतं. आता रेशनचं धान्य घरात असतं आणि शिजवायला पाणी नसतं. दोन्ही वेळी डोक्यावर हंडा मात्र तिच्याच.

नोटीस लागल्यावर काय झालं तेही लिहिते. मावश्या न्यायच्या थांबल्या नाहीत. उघड न्यायच्या त्या चोरून न्यायला लागल्या, डब्यातून, पाण्याच्या बाटल्यांतून. वॉचमनमामांना सगळं दिसायचं, ते दुसरीकडे बघायचे. म्हणजे पाणी वाचलं नाहीच, फक्त पन्नाशीतल्या बायकांना आमच्यासमोर बाटल्या पदराखाली लपवाव्या लागल्या. ज्यांच्या हातचं आम्ही दोन वेळा जेवतो त्यांना. जूनमध्ये पाऊस आला, नोटीस भिजून पडली, विषय संपला. पुढच्या एप्रिलमध्ये ती पुन्हा टाइप व्हायला पाच मिनिटं लागतील, म्हणून आत्ताच बोलतेय.

होस्टेल कमिटीला आणि प्राचार्य सरांना माझं म्हणणं एवढंच आहे. मेसच्या लोकांना रोज दोन कळशा, हे पाणी हिशेबात आधीच धरा आणि ते नियमात लिहा, म्हणजे कुणाला उपकारही वाटायला नको आणि चोरीही. वस्तीसाठी गेटबाहेर १ हजार लिटरची एक टाकी ठेवा, चार तोट्या, झाकणाला कुलूप, सकाळी आणि संध्याकाळी ठरलेली वेळ. टँकर आला की आधी ती भरायची, उरलेलं आपलं. २४० ने भागलं तर माणशी सव्वाचार लिटर जातील, फ्लश बंद असेल तर कळणारही नाही. क्लोरीन तपासायचं किट केमिस्ट्री लॅबमधून मिळेल, वही आम्ही ठेवू, पाळ्या लावून. सिव्हिलच्या मुलांना मिनी प्रोजेक्टचा विषय हवाच असतो. आपल्या बोअरची आणि वस्तीच्या हातपंपाची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजून त्याचा ग्राफ काढा, मग वरचा माझा उधारीचा मुद्दा खरा की खोटा तेही एकदाचं ठरेल. खोटा निघाला तरी टाकी ठेवायचीच, हे आधीच सांगून ठेवते.

जागेचा प्रश्न निघेल, म्हणून मी आणि माझ्या रूममेटने टेप घेऊन मोजून ठेवलं आहे. गेटच्या डाव्या हाताला, लिंबाच्या झाडाखाली, अडीच मीटर बाय दोन मीटर. सावली आहे, टँकरचा पाइप पोचतो आणि सांडलेलं पाणी झाडाला जाईल.